रायगडच्या किनाऱ्यावरून वकिलीकडे: लॉ सीईटी की क्लॅट, आणि कॉलेज कसं निवडायचं?

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात वकिलाची गरज कधीच पडली नाही असं घर सापडणं कठीण आहे. सातबाऱ्यावरची वारस नोंद, कुळाची जमीन, बंदरासाठी किंवा रस्त्यासाठी गेलेली जागा, मुंबईकराला विकलेल्या वाडीचा वाद, भरतीरेषेजवळचं घर सीआरझेडमध्ये बसतं की नाही, असा काही ना काही कागद घेऊन माणसं अलिबागच्या कोर्टाची पायरी चढतात. पण घरातल्या मुलानं किंवा मुलीनं 'मला लॉ करायचंय' असं म्हटलं, की सांगणारं कुणी सापडत नाही. शेजारचा म्हणतो क्लॅट दे, मास्तर म्हणतात सीईटी दे, कुणी म्हणतं आधी बी.ए. कर, मग बघू.

बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो असा: आधी परीक्षेची तयारी करा, गुण आले की कॉलेज ठरवा, काम काय करायचं ते नंतर पाहा. महानगरातल्या मुलांना हा क्रम चालून जातो. किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यानं तो उलटा लावलेला बरा. कुठल्या कोर्टात, कुठल्या भाषेत आणि कुणासाठी काम करायचंय हे आधी ठरवलं, तर कॉलेजांची यादी आपोआप लहान होते आणि परीक्षा कुठली द्यायची तेही स्पष्ट होतं. पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

पाच वर्षं की तीन वर्षं?

कायद्याच्या पदवीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, किंवा कुठल्याही शाखेची पदवी घेऊन मग तीन वर्षांची एलएलबी. सनद दोन्हीनंतर सारखीच मिळते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार दोन्ही रस्त्यांना किमान गुणांची अट आहे. खुल्या वर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. पाच वर्षांसाठी हे गुण बारावीचे धरतात, तीन वर्षांसाठी पदवीचे. बारावी कुठल्या शाखेतून केली याला महत्त्व नाही. कॉमर्सवाला असो की सायन्सवाला, दोघांना दार सारखंच उघडं आहे.

एक सापळा मात्र लक्षात ठेवायला हवा. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्या माणसाला या नियमांत एलएलबीला प्रवेश नाही. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं असेल तर अडचण येत नाही. लहानपणी शाळा सुटली, मासेमारीवर गेला, पुढे पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवी मिळवली, अशी माणसं या किनाऱ्यावर आहेत. त्यांनी सीईटीचा अर्ज भरण्याआधी हा नियम वाचावा.

पाच वर्षांचा रस्ता एकूण एक वर्ष वाचवतो, कारण पदवी आणि एलएलबी वेगवेगळी केली तर सहा वर्षं जातात. पण सतराव्या वर्षी पुढची पाच वर्षं ठरवणं सगळ्यांना जमत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जातंय, तिथे जवळच्या कॉलेजात आधी पदवी घेऊन हातात काहीतरी ठेवणं आणि मग तीन वर्षांकडे वळणं हा काही कमी दर्जाचा पर्याय नाही. जिल्हा न्यायालयातले अनेक वकील याच रस्त्यानं आलेले असतात.

परीक्षा कुठल्या आणि कधी?

महाराष्ट्रातल्या बहुतेक लॉ कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ द्यावी लागते. पाच वर्षांसाठी वेगळी, तीन वर्षांसाठी वेगळी. अलीकडच्या वर्षांत ती साधारण उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास होते. परीक्षा संगणकावर असते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी, म्हणजे एनएलयूंसाठी, क्लॅट असते. ही परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. हल्ली ती डिसेंबरमध्ये होते, कागदावर होते आणि पुढच्या जून-जुलैच्या प्रवेशासाठी असते. म्हणजे बारावीच्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेच्या दोन-अडीच महिने आधी क्लॅट द्यावी लागते आणि अर्ज त्याच्याही आधी, पावसाळा ते दिवाळी या काळात भरावा लागतो. किनाऱ्यावरच्या शाळांत क्लॅटचं नाव बऱ्याचदा बारावीच्या निकालानंतर ऐकू येतं. तोवर त्या वर्षीची क्लॅट होऊन सहा महिने उलटलेले असतात.

दिल्लीच्या एनएलयूची आयलेट आणि सिम्बायोसिसची स्लॅट या वेगळ्या परीक्षा आहेत. त्यांचं शुल्क वेगळं, कॉलेजची फी बरीच जास्त. घरची तेवढी तयारी नसेल तर त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

क्लॅटचं अर्ज शुल्क अलीकडे खुल्या वर्गासाठी ४,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी ३,५०० रुपये होतं. एका परीक्षेच्या नुसत्या अर्जाला ही रक्कम. 'सहज देऊन बघू' असं म्हणून भरण्याची ही परीक्षा नाही.

मराठी माध्यमाच्या मुलाचं काय?

दोन परीक्षांमधला खरा फरक इथे आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

क्लॅट फक्त इंग्रजीत होते. २०२० पासून तिचं स्वरूपही बदललं. सुटे प्रश्न जवळपास गेले आणि लांब उतारा वाचून त्यावरचे प्रश्न सोडवायचे असा प्रकार आला. १२० प्रश्न, दोन तास आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणजे इंग्रजी, कायदा, तर्क, चालू घडामोडी या सगळ्या विभागांत मुळात इंग्रजी वाचनाचा वेग तपासला जातो. गणितालाही उतारा आणि तक्ता असतो. भारतीय भाषांमध्ये क्लॅट घ्यावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात २०२३ मध्ये जनहित याचिकाही झाली होती.

लॉ सीईटी मराठीत देता येते, इंग्रजीचा विभाग सोडून. शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर नोंदवणं इथे शहाणपणाचं आहे. क्लॅटमध्ये तीच सवय महागात पडते. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं करायला हवं.

पण मराठीत परीक्षा दिली म्हणून इंग्रजी सुटत नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. राज्य सरकारनं २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनं ते ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाचं काम मात्र इंग्रजीत चालतं. म्हणजे अलिबागच्या कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी मराठीत होईल, आणि त्याच खटल्याचं अपील वर गेलं की सगळे कागद इंग्रजीत लागतील. दोन्ही भाषा हातात असलेला वकील इथे दुर्मीळ असतो. इंग्रजी माध्यमातून शिकून आलेल्या कित्येकांना फेरफार नोंद वाचताना घाम फुटतो. मराठी माध्यमाच्या मुलानं स्वतःला कमी समजू नये याचं हे अगदी व्यावहारिक कारण आहे.

तयारीसाठी एक फुकटचा उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवडक निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. एक निकाल मराठीत वाचायचा, मग त्याची तीच पानं इंग्रजीत वाचायची. आठवड्याला एक असं सहा महिने केलं तर कायद्याचे शब्द दोन्ही भाषांत ओळखीचे होतात. भारताचे संविधानही मराठीत सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे.

गुण कुठे आहेत आणि वेळ कुठे जातो?

२०२५ पासून लॉ सीईटी १५० ऐवजी १२० प्रश्नांची झाली. वेळ दोन तासांचाच राहिला. पाच वर्षांच्या परीक्षेत कायदेविषयक अभियोग्यता ३२, तर्कशक्ती ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २४, इंग्रजी २४ आणि गणित ८ अशी वाटणी होती. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नाही. तिथे इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान ३२, कायदा २४, तर्कशक्ती २४.

हे आकडे नीट पाहिले तर अभ्यासाचं वेळापत्रक त्यांतच आहे. बारावीनंतरच्या परीक्षेत कायदा आणि तर्क मिळून ६४ गुण, म्हणजे निम्म्याहून जास्त. गणिताला फक्त ८. तरीही गणिताच्या धास्तीनं जाडजूड पुस्तक घेऊन महिनाभर त्यातच अडकलेली मुलं दर वर्षी दिसतात. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर, नफा-तोटा एवढं आलं की पुरे. उलट तीन वर्षांच्या परीक्षेत इंग्रजी एक तृतीयांश आहे. 'पेपर मराठीत आहे' या भरवशावर बसलेला पदवीधर तिथेच मागे पडतो.

कायद्याच्या विभागात आधीपासून कायदा येत असावा अशी अपेक्षा फारशी नसते. राज्यघटनेची ओळख, नेहमीचे कायदेविषयक शब्द, महत्त्वाचे निकाल एवढं लागतं. खरी कसोटी तत्त्व आणि प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांत असते. असा एक प्रश्न समजा.

तत्त्व: जो माणूस आपल्या जागेत धोकादायक वस्तू साठवतो, ती बाहेर पडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा निष्काळजीपणा नसला तरी तो भरपाईला जबाबदार आहे. पुरेशी घातक असेल तर खारं पाणीही या तत्त्वासाठी धोकादायक वस्तू धरावी. प्रसंग: एकानं खाडीकाठी कोळंबीसाठी मोठा तलाव केला आणि त्यात खारं पाणी भरलं. बांध मजबूत होता, आठवड्यापूर्वीच अभियंत्याकडून तपासून घेतला होता. तरी रात्री बांध फुटला आणि शेजारच्या भातखाचरात खारं पाणी शिरून पीक गेलं. तलाववाला भरपाई देणं लागतो का?

किनाऱ्यावरच्या मुलाचं मन इथे लगेच साक्ष द्यायला लागतं. बांध फुटणं त्यानं पाहिलेलं असतं. बिचाऱ्यानं तपासणी केली होती, त्याची काय चूक, असं वाटतं आणि 'नाही' या पर्यायावर बोट जातं. पण दिलेल्या तत्त्वात निष्काळजीपणा विचारलेलाच नाही. तपासणीचा तपशील दिशाभूल करण्यासाठी ठेवला आहे. उत्तर 'हो' आहे. प्रश्नात दिलेल्या नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही, स्वतःला काय न्याय्य वाटतं ते बाजूला ठेवायचं, ही शिस्त दोनशे-तीनशे प्रश्न सोडवल्यावरच अंगी लागते. हे तत्त्व १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या निकालातून आलं. तो खटलाही तलावातून बाहेर पडलेल्या पाण्याचाच होता. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये दिल्लीतल्या वायुगळतीच्या प्रकरणात ते आणखी कडक केलं.

जुनी पुस्तकं वापरताना एक गोष्ट तपासावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. ताईनं किंवा दादानं तीन वर्षांपूर्वी वापरलेलं गाइड असेल तर त्यातल्या कलमांचे क्रमांक आता चालणार नाहीत. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये नाही, १०३ मध्ये आहे. तर्कशक्ती आणि इंग्रजीसाठी मात्र तेच गाइड खुशाल वापरावं.

क्लासबद्दल थोडं. पनवेलच्या पुढे दक्षिणेला गेलं की लॉचे क्लास विरळ होतात, आणि ऑनलाइन क्लासची फी काही हजारांपासून लाखापर्यंत जाते. लॉ सीईटीसाठी मागच्या प्रश्नपत्रिका, एक रोजचं मराठी वर्तमानपत्र, एक इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान आणि वेळ लावून सोडवलेले सराव पेपर एवढ्यावर चांगले गुण मिळू शकतात. शिस्त स्वतःची लागते, एवढंच. क्लॅटसाठी मार्गदर्शन उपयोगी पडतं हे खरं. परवडत नसेल त्यांच्यासाठी 'इंक्रीजिंग डायव्हर्सिटी बाय इंक्रीजिंग ॲक्सेस', म्हणजे आयडिया, ही संस्था आहे. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ती सुरू केली. वंचित घरांतल्या मुलांना निवडून त्यांची तयारी करून घेण्याचं काम ती करते.

मग कॉलेज कुठलं?

काम अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धनच्या कोर्टात करायचं असेल, तर जवळचं कॉलेज ही माघार समजू नये. अलिबागमध्ये जनता शिक्षण मंडळाचं ॲड. दत्ता पाटील लॉ कॉलेज आहे आणि जिल्हा व सत्र न्यायालय त्याच शहरात आहे. ज्यांचं नाव कॉलेजला आहे ते दत्ता पाटील स्वतः वकील आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते. त्यांचे वडील नारायण नागू पाटील यांनी अलिबागजवळच्या चरीत १९३३ पासून खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप चालवला होता. पनवेल भागात भागूबाई चांगू ठाकूर लॉ कॉलेज आणि कळंबोलीत केएलई सोसायटीचं लॉ कॉलेज आहे. दक्षिणेकडच्या मुलांना रत्नागिरीचं भागोजीशेठ कीर लॉ कॉलेजही पाहता येतं. ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. कुठल्या कॉलेजात पाच वर्षांचा आणि कुठे तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, किती जागा आहेत, हे दर वर्षी सीईटी कक्षाच्या यादीत पाहावं. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

जिल्ह्याच्या गावी शिकण्याचा फायदा कागदावर दिसत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. ज्या वकिलाकडे पुढे ज्युनिअर म्हणून बसायचं, त्याच्याच टेबलाशी हे आठवडे काढता आले तर सनद मिळेपर्यंत कोर्टातले कारकूनसुद्धा ओळखीचे झालेले असतात.

उच्च न्यायालयात काम करायचं असेल तर मुंबई गाठावी लागेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे गेले. रायगड मात्र मुंबईकडेच राहिला. चर्चगेटचं शासकीय विधि महाविद्यालय, म्हणजे जीएलसी, १८५५ पासूनचं. फी वर्षाला काही हजारांत, कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्यामुळेच सीईटीचा कटऑफ राज्यात सगळ्यात वरच्यांपैकी. तिथल्या वर्गांपेक्षा दुपारनंतर फोर्टातल्या वकिलांच्या चेंबरमध्ये मिळणारं शिक्षण मोठं, असं तिथून गेलेले बरेच जण सांगतात. ज्याला स्वतःहून काम शोधता येत नाही त्याला मात्र जीएलसी रिकामी वाटू शकते. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. तिथे कॅम्पस आहे, ग्रंथालय आहे, शिस्तही आहे. फोर्टातलं सिद्धार्थ लॉ कॉलेज हे डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं.

रायगड आणि जीएलसी यांचा एक जुना धागा इथे सांगण्यासारखा आहे. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मधला, हे शाळेत शिकवतात. त्यानंतर त्याच तळ्यावरून दिवाणी दावा झाला, डॉ. आंबेडकर त्यात प्रतिवादी होते आणि तो महाडपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षं चालला, हे फारसं शिकवत नाहीत. १७ मार्च १९३७ ला निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. पाणी भरण्याची मनाई ही अनादी काळापासूनची रूढी आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. त्या वेळी डॉ. आंबेडकर जीएलसीचे प्राचार्य होते. सामान्य ज्ञानाच्या प्रश्नासाठी हे उपयोगी आहेच. तालुक्याच्या कोर्टातला दावा किती दूर जाऊ शकतो हेही त्यात दिसतं.

मोठ्या कंपन्यांच्या लॉ फर्ममध्ये, आंतरराष्ट्रीय कामात किंवा संशोधनात जायचं असेल तर एनएलयूचा विचार करावा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत आणि त्यांत राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. डोमिसाइलचा दाखला त्यासाठीच हवा. फी मात्र वर्षाला दोन लाखांच्या वर जाते, वसतिगृह आणि जेवण धरून त्याहून जास्त. पाच वर्षांचा हिशेब दहा लाखांपुढे जातो. कर्ज काढून तिथे गेलेल्या मुलाला पहिली काही वर्षं तालुका कोर्टात ज्युनिअर म्हणून बसणं परवडणार नाही, कारण तिथे सुरुवातीचं मानधन नाममात्र असतं. गावाकडे परत येऊन लोकांसाठी काम करायचं स्वप्न आणि एनएलयूचं कर्ज यांचा मेळ कसा बसणार, हा प्रश्न प्रवेशाआधी घरात बोलायला हवा.

रोज जाऊन-येऊन जमेल का?

अलिबागच्या मुलांना मुंबई समोर दिसते, त्यामुळे हा प्रश्न येतोच. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते आणि कॉलेजचं सत्र नेमकं पावसाळ्यात सुरू होतं. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो २०२० पासून आहे, पण तीही हवामानावर अवलंबून. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर उरणकरांचं अंतर बरंच कमी झालं. मुरूड-श्रीवर्धनकरांना त्याचा फारसा उपयोग नाही, कारण त्यांचा अर्धा दिवस वडखळ गाठण्यातच जातो. बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरीची अट आहे, आणि अनिवासी कॉलेजांचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यावे लागतात. नोकरी करून रात्री एलएलबी, किंवा पत्राद्वारे एलएलबी, हा रस्ता बंद आहे. कुणी 'हजेरीचं आम्ही बघतो' असं सांगत असेल तर त्या कॉलेजपासून दूर राहावं.

फी, सवलत आणि 'संस्था स्तरावरचा' प्रवेश

इथे होणारी चूक सगळ्यात महाग पडते.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याहून जास्त मागितली तर तो कायद्याचा भंग आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आहे, आणि घराबाहेर राहणाऱ्यांसाठी स्वाधार किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर होतो.

पण मुलींची ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, प्रवेश घेतला तरच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर प्रवेश घेतला तर नाही. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही की घरचे घाबरतात. कॉलेजच्या खिडकीवर कुणीतरी सांगतं, आत्ताच पैसे भरा, सीट पक्की. पुढच्या फेरीत तेच कॉलेज कॅपमधून मिळालं असतं तर आगरी, कोळी किंवा कुणबी घरातल्या त्या मुलीची पाच वर्षांची फी वाचली असती. शेवटची कॅप फेरी होईपर्यंत थांबायची हिंमत ठेवावी.

पसंतीक्रम भरताना आधी 'मिळेल असं' कॉलेज टाकायची चूकही नेहमीची. यंत्रणा यादी वरून खाली पाहत जाते. वर टाकलेलं मोठं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्या कॉलेजवरचा हक्क कमी होत नाही. त्यामुळे जे खरंच हवंय ते वर, आणि जिथे काही झालं तरी जायचं नाही ते यादीतच नको.

कागदपत्रं परीक्षेआधीच

प्रवेशाच्या वेळी जागा जाते ती बहुतेकदा कागदावरून. जातीचा दाखला, जात पडताळणी, चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. जात पडताळणीला महिने लागतात, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. किनाऱ्यावर प्रवर्गाचा गोंधळही होतो. कोळी समाजातल्या बऱ्याच पोटजाती विशेष मागास प्रवर्गात आहेत आणि महादेव कोळी अनुसूचित जमातीत. दाखल्यावर नेमकं काय लिहिलंय ते पाहून अर्जात तोच प्रवर्ग भरावा. कातकरी कुटुंबांकडे अनेकदा जुना पुरावाच नसतो. तिथे शाळेनं किंवा गावातल्या शिकलेल्या कुणी आधीपासून हात दिला तरच काम होतं.

पदवीनंतर

सनदेसाठी राज्य बार कौन्सिलनं भरमसाट शुल्क घ्यायची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला बंद केली. कायद्यात आहे तेवढंच, म्हणजे खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, जी मराठीतही देता येते आणि जिथे टीप नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर २० मे २०२५ च्या निकालानं कनिष्ठ स्तरावरच्या भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. म्हणजे पदवी संपली की थेट परीक्षा देता येणार नाही, तीन वर्षं कुठल्या तरी कोर्टात काढावी लागतील. त्या तीन वर्षांत राहायचं कुठे आणि भागवायचं कसं, हेही कॉलेज निवडतानाच धरायला हवं.